पोराचं अभ्यासात लक्ष नाही? आधी सकाळचा चहा बंद करा

माझा मुलगा साडेचार वर्षांचा होता तेव्हा अंगणात बसून माती खायचा, भिंतीचा चुना नखाने खरडून खायचा आणि दिवसभर नुसती किरकिर. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, पोऱ्या माटी खास, म्हणजे पोरगं माती खातं. मी रागवायचे, एकदोनदा मारलं पण, त्याचं आजही वाईट वाटतं, कारण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ निघालं, ते ११ च्या वर पाहिजे. पोरगं हट्टी नव्हतंच, अंगात लोह नव्हतं.

लोह फक्त रक्तासाठी नसतं हे मला तेव्हा कळलं. मेंदूतली डोपामाइनसारखी रसायनं बनायला आणि नसांवरचं मायलिनचं वेष्टण तयार व्हायला पण ते लागतं, म्हणून लोह कमी पडलं की लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, मूल मलूल राहतं. आणि मेंदू दोन वर्षांपर्यंतच मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ८० टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो, म्हणजे पहिली वर्षं फार महत्त्वाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या १०० पैकी ६७ मुलांना रक्तक्षय होता. तुमच्याआमच्या घरातली मुलं आहेत ही.

पहिलं काम, चहा बंद. आपल्याकडे सकाळी पोराला चहा-टोस्ट देतात, पोट भरलं म्हणून आईला बरं वाटतं, पण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी कळण्याची भाकरी द्या, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी. पोकळा, मेथी लोखंडी कढईत करा आणि ताटात लिंबू पिळाच, नाहीतर पेरू, आवळा द्या, भाज्या-डाळींमधलं लोह क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं. भरीत मुलांना आवडतं, पण नुसत्या वांग्यावर भागणार नाही, सोबत डाळ पाहिजे.

दूध चांगलंच, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, दुधाने पोट भरलं की पोरगं जेवतच नाही. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, त्यामुळे शाकाहारी घरात दूध-दही-ताक रोज पाहिजे, अंडं चालत असेल तर जरूर द्या. केळी तर आपल्या जळगाव-रावेरची, त्यात बी-६ असतं आणि ते मेंदूची रसायनं बनवायला मदत करतं, पण केळं खाल्लं की मूड लगेच चांगला होतो असं काही नाही. सैंधव खायची फॅशन आलीये, घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर आयोडीनवालंच मीठ वापरा, आयोडीनशिवाय थायरॉइडचं संप्रेरक बनत नाही आणि त्याशिवाय बाळाचा मेंदू नीट वाढत नाही.

सहा महिन्यांनंतर बाळाला फक्त अंगावरचं दूध पुरत नाही, मुगाची मऊ खिचडी तूप घालून सुरू करा, बिस्किट दुधात कालवून नका देऊ, वर्षापर्यंत मीठ-साखर पण नको. आणि बुद्धी वाढवणारी म्हणून जी डब्यातली पावडर मिळते त्यात बऱ्याचदा साखरच जास्त असते, तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

एक मात्र नीट लक्षात घ्या, मूल बोलत नसेल, नजरेला नजर देत नसेल, महिनोन्महिने उदास असेल तर नुसतं जेवण बदलून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

लोहाचं सिरप आणि जंताची गोळी अंगणवाडीत मिळते, आशाताईंना विचारा, पण हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील. सिरप दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत द्या आणि नंतर चूळ भरायला लावा म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळी होते, आम्ही घाबरून तिसऱ्या दिवशीच बंद केलं होतं, डॉक्टरांनी समजावलं तेव्हा परत सुरू केलं आणि पुढे तीन महिने एक दिवस चुकवला नाही, भिंतीचा चुना खरडायचं ते तीन महिने संपायच्या आधीच थांबलं होतं.