हरभऱ्याला सोयाबीनचं कल्चर जाऊ नये म्हणून: ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी कशी लिहावी

लातुरात मोंढ्यालगतच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी मी बिलाचा प्रोग्राम लिहिला होता. पीक निवडलं की बियाणं, रायझोबियमचं कल्चर (बियाण्याला लावायचं जिवाणू खत) आणि पेरणीचं अंतर पावतीवर छापून यायचं. तिन्ही ठिकाणी ‘सोयाबीन असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी. रब्बीत हरभरा घातला, एक अट बदलायची राहिली, आणि हरभऱ्याच्या पावतीवर सोयाबीनचं कल्चर आलं. दोन्ही पाकिटांवर नाव रायझोबियमच, पण जिवाणू वेगळा. सोयाबीनच्या जिवाणूनं हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. दुकानदाराच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

अशा वेळी कामी येते ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी, म्हणजे कोड मांडायचा एक ठरलेला पॅटर्न. एकमेकांसोबतच चालणारी ऑब्जेक्ट्स (प्रोग्राममधल्या वस्तू) एकाच हातून यावीत, एवढंच तिचं काम.

आधी कोड नको, कागद घ्या. ओळींत पिकं, रकान्यांत वस्तू मांडा. सोयाबीनच्या ओळीत परभणीचं एमएयूएस ७१ हे वाण, सोयाबीनचं कल्चर, ४५ बाय ५ सेंटिमीटर. हरभऱ्याच्या ओळीत बदनापूरचं बीडीएनजी ७९७, हरभऱ्याचं कल्चर, ३० बाय १०. प्रत्येक रकान्याचा एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास होतो (नुसता साचा, त्यातून थेट ऑब्जेक्ट बनत नाही), प्रत्येक ओळीची एक फॅक्टरी, म्हणजे त्या ओळीतल्या वस्तू बनवणारा क्लास. रकाना एकच निघाला तर हा पॅटर्न वापरूच नका, साधी फॅक्टरी मेथड (एकच वस्तू बनवून देणारी मेथड) पुरते.

आता ‘बियाणं’, ‘कल्चर’, ‘पेरणी’ हे तीन ॲबस्ट्रॅक्ट क्लास लिहा आणि त्यांच्याखाली ‘सोयाबीनकल्चर’, ‘हरभराकल्चर’ असे खरे क्लास. मग ‘पीकफॅक्टरी’: तिच्यात बियाणंद्या, कल्चरद्या, पेरणीद्या या तीन मेथड, तिन्ही ॲबस्ट्रॅक्ट, आत काही नाही. ‘सोयाबीनफॅक्टरी’ आणि ‘हरभराफॅक्टरी’ तिच्यापासून इनहेरिट होतात, म्हणजे तिचा साचा वारशानं घेतात, आणि आपापल्या ओळीतल्या वस्तू बनवून देतात.

इथं हात आखडता घ्या. सोयाबीनची फॅक्टरी तयार आहेच, तिलाच इनहेरिट करून हरभऱ्यापुरत्या मेथड बदलू, असा मोह होतो. मलाही झाला होता. पण कल्चरद्या बदलायची राहिली, तर कोड बिनबोभाट सोयाबीनचं कल्चर देत राहतो; पुढच्या दारानं घालवलेली चूक मागच्या दारानं घरात. दोन्ही फॅक्टऱ्या थेट ‘पीकफॅक्टरी’खालीच ठेवा. मग एखादी मेथड विसरलात, तर जावात कंपायलरच अडवतो. पायथॉनमध्ये एबीसी मॉड्यूल वापरून मेथड ॲबस्ट्रॅक्ट केल्या असतील, तर ऑब्जेक्ट बनवतानाच टाइपएरर येतो.

पीक कोणतं हे फक्त एका जागी विचारा, प्रोग्रामच्या दारातच. तिथं फॅक्टरी निवडायची आणि बिलाच्या कोडकडे सोपवायची. त्या कोडला ‘पीकफॅक्टरी’ एवढंच ठाऊक. त्यात सोयाबीन हा शब्द दिसला की समजा कुठंतरी गळती आहे.

उन्हाळी भुईमूग आला तर नवी ओळ: वस्तूंचे क्लास, एक फॅक्टरी आणि निवडीच्या जागी एक नोंद. बिलाला हात लागत नाही. पण उद्या तणनाशकाचा रकाना वाढवायचा म्हटलं, तर एकूण एक फॅक्टरी उघडावी लागते. म्हणून रकाने आधीच दुकानदाराला विचारून पक्के करा.

आता प्रश्न आंतरपिकाचा. आपल्याकडं सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन असतात. त्यासाठी ‘सोयाबीनतूरफॅक्टरी’ काढत बसू नका. तुरीची वेगळी फॅक्टरी करा, बिलाला दोन्ही फॅक्टऱ्यांची यादी द्या, म्हणजे एकाच पावतीवर दोन्ही संच आपापल्या कल्चरसकट उतरतात.