इलियडची पुराणकथा सांगताना या चुका टाळा

कलहाची देवी एरिस हिने लग्नात टाकलेले सोन्याचे सफरचंद, अकिलीसची टाच आणि लाकडी घोडा. ट्रॉयच्या युद्धाबद्दल मराठीत काहीही वाचायला घेतले तरी या तीन गोष्टी हमखास भेटतात, आणि बहुतेक वेळा ‘होमरच्या इलियडमध्ये असे आहे की…’ या शब्दांनी भेटतात. इलियडच्या २४ सर्गांत, सुमारे १५,७०० ओळींत, या तिघांपैकी एकही नाही.

या कथा बनावट नव्हेत. ग्रीक आणि रोमन जगानेच त्या सांगितल्या, फक्त वेगवेगळ्या शतकांत आणि वेगवेगळ्या ग्रंथांत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत गणपतीने लेखनिक होऊन महाभारत लिहून घेतल्याचा प्रसंग मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणून कोणी तो प्रसंग टाकून देत नाही. तो कोणत्या थरातला, एवढे कळते. इलियडची पूर्वपीठिका सांगताना हीच शिस्त लागते, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका ती न पाळल्यामुळे होतात.

थर न ओळखणे

सर्वांत जुना थर इलियड आणि ओडिसीचा. त्यानंतर ज्याला ‘महाकाव्यचक्र’ म्हणतात ती काव्ये. युद्धाच्या आधीची हकीकत सांगणारे ‘किप्रिया’ ११ सर्गांचे होते, अकिलीसच्या मृत्यूपर्यंत नेणारे ‘ऐथिओपिस’ ५ सर्गांचे. ही काव्ये हरवली. आज हाती आहेत ती काही त्रुटित वचने आणि प्रोक्लस नावाच्या लेखकाने केलेला गोषवारा. म्हणून ‘किप्रियात असे वर्णन आहे’ असे लिहिताना जपावे. बऱ्याचदा आपण वर्णन वाचत नसतो, गोषवाऱ्यातले एक वाक्य वाचत असतो. तिसरा थर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या शोकनाट्यांचा. चौथा, अपोलोडोरसच्या नावावर चालणारी पुराणकथांची संहिता आणि व्हर्जिल, ओव्हिड, स्टेशियस हे रोमन कवी.

प्रत्येक घटनेपुढे थराचा आकडा लिहून ठेवावा. आकडा घालता येत नसेल तर ती घटना ‘होमर म्हणतो’ या वाक्यात घालू नये. इलियडचा संदर्भ सर्ग आणि ओळ असा देतात, २४.२९ म्हणजे चोविसाव्या सर्गातली एकोणतिसावी ओळ. हे क्रमांक मूळ ग्रीक ओळींचे असतात. पद्य अनुवादांत ओळी अनेकदा वाढतात, त्यामुळे अनुवादातला क्रमांक तसाच उतरवला की संदर्भ चुकतो. पानाच्या माथ्यावर किंवा समासात मूळ ओळींचे आकडे दिलेले असतील तर ते घ्यावेत.

सफरचंद होमरच्या तोंडी घालणे

तीन देवींपैकी सर्वांत सुंदर कोण, या ट्रॉयच्या राजपुत्र पॅरिसच्या निवाड्याचा उल्लेख अख्ख्या इलियडमध्ये एकदाच येतो, तोही शेवटच्या सर्गात, २४.२५ ते ३० या सहा ओळींत. अकिलीसने मारलेला ट्रॉयचा वीर हेक्टर, त्याचे प्रेत रोज रथामागे फरफटले जात आहे, बहुतेक देवांना त्याची कीव येते, पण हेरा, पोसायडन आणि अथीना यांना येत नाही. का? तर अलेक्झांड्रोस, म्हणजे पॅरिस, याच्या आवारात देवी आल्या तेव्हा त्याने त्यांचा अवमान केला आणि घातक कामवासना देणाऱ्या देवीची वाखाणणी केली. संपले. सफरचंद नाही, एरिस नाही, लग्न नाही. काही प्राचीन टीकाकारांना तर या ओळीही प्रक्षिप्त वाटत होत्या.

पेलियस आणि थेटिस या अकिलीसच्या आईबापांच्या लग्नात एरिसने कलह लावला हे किप्रियाच्या गोषवाऱ्यात आहे, पण तिथेही सफरचंद दिसत नाही. ते चौथ्या थरात, अपोलोडोरसच्या संहितेसारख्या ग्रंथांत येते. इलियडमधल्या एरिसचे काम निराळेच आहे. ती एरीसची, म्हणजे युद्धदेवाची बहीण आणि सोबतीण, आधी इवलीशी असते आणि मग पाय जमिनीवर ठेवून डोके आभाळाला लावते (४.४४०–४४३). मराठीत एरिस आणि एरीस ही नावे जवळजवळ सारखी दिसतात. युद्धदेवाला ‘आरेस’ लिहिले तर घोटाळा टळतो.

सफरचंदावर सगळा भर दिला की होमरने खरोखर दिलेले कारण झाकले जाते. पोसायडनचा राग जुना आहे. ट्रॉयचा राजा प्रायम, त्याचा बाप लाओमेडॉन याच्याकडे त्याने आणि अपोलोने वर्षभर राबून काम केले. पोसायडनने ट्रॉयचा तट बांधला, अपोलोने गुरे राखली. मजुरी मागितली तेव्हा लाओमेडॉनने कान कापण्याची आणि परदेशी विकून टाकण्याची धमकी दिली (२१.४४१–४५७). पुढे हेराक्लिसलाही त्याने कबूल केलेले घोडे दिले नाहीत, आणि हेराक्लिसने अवघ्या ६ जहाजांनिशी येऊन ट्रॉय लुटले (५.६४०–६५१). म्हणजे जिच्यासाठी युद्ध झाले ती हेलन येण्याच्या एक पिढी आधीच हे शहर एकदा पडले होते, आणि वचन मोडणारे घराणे अशी त्याची ख्याती झाली होती. इलियडची पूर्वपीठिका सांगणाऱ्या लेखात लाओमेडॉनला किमान एक परिच्छेद मिळालाच पाहिजे.

टाच

टाच सोडून अकिलीसचे शरीर अभेद्य असते तर इलियडचे कथानकच उभे राहिले नसते. जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीस लगेच लढायला जाऊ शकत नाही, कारण त्याचे चिलखत हेक्टरने नेलेले असते. अठराव्या सर्गात देवांचा लोहार हेफायस्टस याला रातोरात नवे घडवावे लागते. अभेद्य माणसाला चिलखत कशाला? आणि २१.१६६ मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या आस्टेरोपाइओसचा भाला त्याच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त वाहते.

थेटिसने बाळाला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आपल्याला स्टेशियसच्या ‘अकिलीड’मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, भेटते. होमरच्या अकिलीसचे दुःख याच्या उलट आहे: त्याला मरण ठाऊक आहे. आईने दोन वाटा सांगितल्या आहेत, इथे लढून अक्षय कीर्ती किंवा घरी जाऊन दीर्घ आयुष्य (९.४१०–४१६). त्याचा मृत्यू इलियडमध्ये घडत नाही, फक्त भाकिते येतात, मरता मरता हेक्टर सांगतो की स्कायन वेशीपाशी पॅरिस आणि अपोलो तुला मारतील (२२.३५९–३६०). अकराव्या सर्गात पॅरिसचा बाण पायात घुसतो खरा, पण तो पाय डायोमिडीस या दुसऱ्या ग्रीक वीराचा. सारांश लिहिणारे हा प्रसंग अकिलीसच्या नावावर घालतात, तेवढे तपासून घ्यावे.

जे इलियडमध्ये नाही ते गृहीत धरणे

लाकडी घोडा ओडिसीत येतो, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या सर्गांत, आठवणीच्या रूपाने. ट्रॉयचा पुजारी लाओकून आणि त्याला मारणाऱ्या सापांची आज वाचली जाते ती हकीकत व्हर्जिलची. कॅसँड्रा इलियडमध्ये आहे, पण भविष्य सांगत नाही, ती प्रायमची सर्वांत देखणी मुलगी आहे आणि हेक्टरचे प्रेत घेऊन येणाऱ्या बापाला तीच आधी ओळखते (२४.६९९). ट्रोजनांचा भविष्यवेत्ता तिचा भाऊ हेलेनस.

ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याची मुलगी इफिजिनिया हिच्या बळीबद्दल जास्त सावध राहावे. इलियडमध्ये त्या बळीचा शब्द नाही. उलट नवव्या सर्गात ॲगमेम्नॉन अकिलीसला आपल्या तीन मुलींपैकी हवी ती देऊ करतो: क्रिसोथेमिस, लाओडिकी, इफियानासा. इफियानासा म्हणजेच इफिजिनिया की दुसरी मुलगी, यावर प्राचीन काळापासून मतभेद आहेत. लेखात दोघींना सरळ एक करून टाकू नये. बळीची कथा जिथली त्या आउलिस बंदराची होमरने दिलेली आठवण वेगळी आहे. झाडावर चढलेला साप चिमणीची ८ पिल्ले आणि नववी आई गिळतो, आणि ग्रीकांचा भविष्यवेत्ता काल्खस त्यावरून सांगतो की ९ वर्षे लढाई चालेल आणि दहाव्या वर्षी शहर पडेल (२.३०३–३२९).

दहा वर्षे आणि एकावन्न दिवस

इलियड म्हणजे दहा वर्षांचे युद्ध नव्हे. दहाव्या वर्षातले साधारण ५१ दिवस आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे एकेका ओळीत सरतात: ९ दिवस साथ, ११–१२ दिवस देव इथिओपियन लोकांकडे जेवायला गेलेले, शेवटी १२ दिवस प्रेताची विटंबना आणि ११ दिवसांचा तह. प्रत्यक्ष रणांगणाचे दिवस ४. कालरेषा आखताना सर्गांना सारखी जागा दिली की ती चुकते. अकरा ते अठरा हे आठ सर्ग मिळून एकच दिवस होतो.

हिशेब न जुळण्याची आणखी एक जागा आहे. हेलन म्हणते, मी घर सोडल्याला हे विसावे वर्ष (२४.७६५). युद्ध तर दहावे वर्ष चालू आहे. किप्रियात ग्रीक सैन्य आधी वाट चुकून मिसियात उतरते आणि परत फिरते. त्या फुकट गेलेल्या मोहिमेची वर्षे धरून २० होतात, हे एक स्पष्टीकरण. दहाची दुप्पट असा ठोकळ आकडा, हे दुसरे. दोन्ही द्यावीत.

देवांचा एकच वंशवृक्ष काढणे

हेसिअडच्या काव्यात अफ्रोडाइटी समुद्राच्या फेसातून जन्मते. इलियडमध्ये ती देवांचा राजा झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे, आणि पाचव्या सर्गात जखमी झाल्यावर आईच्या मांडीवर जाऊन पडते. ओडिसीत हेफायस्टसची बायको अफ्रोडाइटी, इलियडच्या अठराव्या सर्गात खारिस. हेफायस्टसला आभाळातून कोणी फेकले यावर तर इलियडमध्येच दोन उत्तरे आहेत: पहिल्या सर्गात झ्यूसने, अठराव्यात हेराने. अशा ठिकाणी एक उत्तर खोडून दुसरे ठेवू नये. पहिल्या सर्गात तो आईला सांगतो आहे की झ्यूसशी वाद घालू नकोस, म्हणून झ्यूसचा मार आठवतो. अठराव्यात दारात थेटिस आली आहे, तिने वाचवल्याचे उपकार आठवायचे आहेत, म्हणून आईची निष्ठुरता.

पक्षांची यादी २०.३३–४० मध्ये मिळते. ग्रीकांकडे हेरा, अथीना, पोसायडन, हर्मिस, हेफायस्टस; ट्रॉयकडे आरेस, अपोलो, आर्टेमिस, लेटो, झँथस नदी आणि अफ्रोडाइटी. पण ही यादी भिंतीसारखी पक्की धरू नये. त्याच विसाव्या सर्गात पोसायडन ट्रोजन एनियसला वाचवतो, आणि प्रायमला शत्रूच्या तळापर्यंत सुखरूप नेणारा हर्मिसच.

झ्यूसला ‘नियतीपुढे हतबल’ म्हणणे हीही घाई आहे. सोळाव्या सर्गात आपला मुलगा सारपेडॉन मरणार म्हणून तो त्याला उचलून नेण्याचा विचार करतो. हेरा ‘तुला शक्य नाही’ म्हणत नाही. ती म्हणते, कर, पण आम्हा बाकी देवांना ते रुचणार नाही, मग प्रत्येक जण आपापला मुलगा वाचवू पाहील. झ्यूस थांबतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो.

महाभारताशी ओढूनताणून जुळवणी

अकिलीस म्हणजे कर्ण, हेलन म्हणजे सीता किंवा द्रौपदी, असली कोष्टके फार दिसतात आणि दोन्ही बाजूंना अन्याय करतात. हेलन तिसऱ्या सर्गात स्वतःलाच दोष देते, अफ्रोडाइटीला सुनावते आणि तरीही तिच्या धाकाने पॅरिसकडे जाते. हा पेच सीतेचा नाही आणि द्रौपदीचाही नाही.

तुलना करायचीच तर एक भक्कम जागा आहे. किप्रियाच्या उरलेल्या ओळींत म्हटले आहे की माणसांच्या गर्दीने पृथ्वीला भार झाला, झ्यूसला तिची दया आली आणि भार हलका करण्यासाठी त्याने ट्रॉयचे युद्ध पेटवले. त्या ओळींसोबतच्या जुन्या टिपणानुसार वीज किंवा महापूर याऐवजी थेटिसचे माणसाशी लग्न आणि एका सुंदर मुलीचा जन्म, असा सल्ला मोमस या निंदेच्या देवाने दिला. आदिपर्वात पृथ्वी भार सोसवेना म्हणून ब्रह्मदेवाकडे जाते, हे मराठी वाचकाला लगेच आठवेल. साम्य खरे आहे. मात्र महाभारतात भार असुरांच्या अवतारांचा आहे, किप्रियात नुसत्या माणसांच्या संख्येचा. आणि हा किप्रियाचा विचार आहे. इलियडच्या पाचव्या ओळीत ‘झ्यूसचा संकल्प सिद्धीस जात होता’ एवढेच आहे, आणि तो संकल्प म्हणजे थेटिसला दिलेला शब्द असाही अर्थ लागतो.

पात्राने सांगितलेली कथा इतिहास म्हणून घेणे

ही चूक अभ्यासू लेखकांकडूनही होते. इलियडमधल्या जुन्या कथा बहुधा कवी स्वतः सांगत नाही. कोणीतरी पात्र, कोणाला तरी पटवण्यासाठी सांगते, आणि त्या कामापुरती कथा वळवते. नवव्या सर्गात वृद्ध फिनिक्स अकिलीसला मेलेआगरची कथा सांगतो. इतरत्र मेलेआगरचे आयुष्य एका ओंडक्याला बांधलेले असते आणि आई तो जाळते. फिनिक्सच्या कथेत ओंडका नाही. आहे तो रुसून घरात बसलेला वीर, त्याच्या विनवण्या करणारे लोक आणि उशिरा उठल्यामुळे हुकलेल्या भेटवस्तू. हे सगळे समोर बसलेल्या माणसाच्या मापाने बेतलेले आहे.

म्हणून अशी कथा उद्धृत करताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात: कोण सांगतो, कोणाला, आणि त्या क्षणी त्याला काय हवे आहे. चोविसाव्या सर्गात अकिलीस प्रायमला नायोबीची कथा सांगतो. तिची १२ मुले, ६ मुलगे आणि ६ मुली, अपोलो आणि आर्टेमिसने मारली. प्रेते ९ दिवस पडून राहिली. दहाव्या दिवशी देवांनी त्यांना मूठमाती दिली, आणि रडून थकल्यावर नायोबी जेवली. नायोबी शेवटी दगड होते, हे इतरत्र आहे आणि इथेही आहे. ती जेवल्याचे मात्र फक्त इथेच भेटते. अकिलीसला ते हवे आहे, कारण समोर बसलेल्या म्हाताऱ्याने मुलगा गेल्यापासून घास घेतलेला नाही. कथा संपते, अकिलीस उठतो, मेंढा कापतो, त्याचा साथीदार ऑटोमेडॉन टोपलीतून भाकरी वाढतो, आणि प्रायम जेवतो.