व्हायरस काढला तरी परत येतोय? ऑफलाइन स्कॅन करा

सांगलीत विश्रामबागला मामांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान यायचं. अँटिव्हायरसने दोनदा काढलं, रीस्टार्ट केलं की पुन्हा हजर! विंडोज चालू असताना असा मालवेअर (व्हायरससारखा घातक प्रोग्राम) पण चालूच असतो, स्वतःची फाइल पुसू देत नाही. म्हणून त्याला झोपेतच गाठायचं, म्हणजे विंडोज चालू नसताना स्कॅन करायचं. विंडोज 10 किंवा 11 मध्ये 'विंडोज सिक्युरिटी', मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स' आणि तिथं डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. आधी उघड्या फाइली सेव्ह करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. साधारण 15 मिनिटं लागतात. मध्येच लाइट जाणार नाही अशी वेळ बघा.

नंतर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी टूल्स) हातानं काढा. मामांच्याकडे तिथंही एक बसलं होतं, सातबाऱ्याची पीडीएफ जोडायला घेतलेलं 'फुकट' टूल. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरूनच बदला.