रात्रीची खाज आणि बारीक जंत: आमच्या घरी काय केलं

ऐरोलीत आमचं वन बीएचके, माणसं पाच. लेक रोज रात्री झोपेत शौचाच्या जागी खाजवायची, रडत उठायची. सासूबाईंचं निदान तयार: "गोड फार खाते ना, म्हणून जंत." गोडाचा इथे काही संबंध नसतो. अंडी पोटात जातात ती बोटांवरून, नखांतून.

ती गाढ झोपल्यावर टॉर्च लावून पाहिलं. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, जेमतेम सेंटिमीटरभर, वळवळणारे! मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर अंडी घालते, म्हणून शौचाच्या तपासणीत बरेचदा काहीच सापडत नाही. जंत दिसलेच नाहीत, तर सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक सेलोटेप त्या जागी चिकटवून काढायची आणि डॉक्टरांकडे न्यायची.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोल सगळ्या घराला एकाच दिवशी दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा. गोळीने जंत मरतात, अंड्यांचा भरवसा नाही. दुसरा डोस त्यासाठीच. "मला कुठे खाज आहे?" हे सासऱ्यांचं म्हणणं कोणी ऐकलं नाही. (गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.)

खरी मेहनत घरातली. अंडी चादरीवर दोन-तीन आठवडेही तगतात. त्यामुळे गॅलरीत चादरी झटकणं बंद. गुंडाळून थेट गरम पाण्यात. रोज सकाळी आंघोळ, धुतलेली चड्डी, नखं बारीक. हात साबणानेच, सॅनिटायझरवर भागत नाही. लेकीचं नखं कुरतडणं मात्र अजून सुटलेलं नाही. सध्या बोटांना कडुलिंबाचा पाला चोळतेय.