‘समजलं का?’ विचारणं सोडा

फायर-सेफ्टीचा डिप्लोमा झालाय, कंपनीत लागेपर्यंत वस्त्यांमध्ये, वृद्धाश्रमांत जनजागृतीचं काम करू का, असं विचारणारे फोन एप्रिल आला की वाढतात. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह. 1944 मध्ये मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जण गेले, त्यांच्या स्मरणाचा हा आठवडा. त्या सात दिवसांत सगळ्यांना प्रात्यक्षिक हवं असतं, बॅनर हवा असतो, फोटो तर हवाच. 21 तारखेला तुमचा फोन कुणी उचलत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षीचा मे महिना मी बहिणीच्या पैशांवर काढला.

माझे पहिले गुरू निवृत्त अधिकारी होते. माणूस मोठ्या मनाचा, हात सफाईदार. ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, एक्स्टिंग्विशरची पिन उपसायची, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं फिरवायचं. पांढरी पावडर उडाली की टाळ्या. मीही दोन वर्षं तेच केलं. वृद्धाश्रमातसुद्धा. समोर बसलेल्यांपैकी एकालाही तो सहा किलो पावडरचा लाल सिलिंडर उचलता येणार नव्हता आणि सांधे सुजलेल्या बोटांनी ती पिन निघणार नव्हती. टाळ्या मात्र जोरदार पडल्या.

पण माझे डोळे उघडले ते पुण्यातल्या एका वस्तीत. पंचवीस-तीस बायका, निम्म्या म्हाताऱ्या. मी सांगितलं, गॅसचा वास आला तर घाबरू नका, घरातली हवा खेळती करा. शेवटी विचारलं, “समजलं का?” सगळ्या एका सुरात, “होऽऽ.” दोन महिन्यांनी दुसऱ्या कामाने तिथे गेले, तर एका आजींनी चहाला बसवलं. मी सहज विचारलं, आजी, वास आला तर काय कराल? त्या म्हणाल्या, “पंखा लावीन की. आणि भिंतीतला तो बाहेर फेकणारापण. तूच नाही का सांगितलंस, हवा खेळवा म्हणून?”

चहा घशाखाली उतरेना.

हे फार ताणतेय असं वाटेल, तरी ऐका. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीलगत साचत राहतो. पंख्याचं बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडते. बटण बंद करतानाही पडते, हे तर डिप्लोमावालेसुद्धा विसरतात. म्हणजे चार म्हाताऱ्या आजींना मीच स्फोटाची कृती शिकवून आले होते. आजींचं काही चुकलं नव्हतं. ‘हवा खेळती’ म्हटलं की कुणालाही आधी पंखाच आठवेल. चुकलं माझं वाक्य. आता मी हातांनी काय करायचं एवढंच सांगते: शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. बटणांपैकी जे चालू ते चालू राहू दे, जे बंद ते बंद. मोबाईल घराबाहेर गेल्यावर, मग 1906, म्हणजे गॅसगळतीचा मदत क्रमांक, लावायचा. म्हाताऱ्यांचं नाक मंद झालेलं असतं, म्हणून शेजारणीला वास आला तर तिने यांच्या दारातही डोकवायचं.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न माझ्यापुरता बंद. ‘नाही’ म्हणायला माणसाला लाज वाटते, आणि तुम्ही गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या बाई असाल तर जास्तच. ‘दाखवा’ म्हणा.

तयार पीपीटी घेऊन फिरणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. बहिऱ्या मुलांसमोर सायरनचा आवाज वाजवून दाखवणारा माणूस मी पाहिलाय. लहान मुलं आगीला घाबरून पलंगाखाली, कपाटात लपतात. त्यांना पळण्याच्या आधी ‘लपायचं नाही’ हे शिकवावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चादरीसकट ओढत बाहेर काढता येतं. घरी ऑक्सिजन लावलेल्या आजोबांच्या उशाशी समई तेवत असते. हे तयार पीपीटीत सापडत नाही, घरात गेल्यावर दिसतं. मला हे बघायला एका अंगणवाडीताईंनी शिकवलं, त्यांच्याकडे कसलाही डिप्लोमा नव्हता.

कुलपाबद्दल जपून बोला. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. ते ऐकून मी एकदा एका सुनेवर उखडले होते. सासरे भटकतात म्हणून ती बाहेरून कुलूप लावून कामाला जायची. तिने पुन्हा मला दारात उभं केलं नाही. दुसरी किल्ली शेजारी कुणाकडे असते का, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सुरुवातीला हात-पाय गळतात, ते सगळ्यांचं होतं. माझ्या पहिल्या दहा सत्रांत मी ‘भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको, बर्फ नको’ हेसुद्धा कागद बघून वाचत होते. पैसेही तुटपुंजे, पण प्रवासखर्च मागायला लाजू नका.

त्या आजींकडे मी पुढच्याच आठवड्यात पुन्हा गेले. म्हटलं, दाखवा. त्या शेगडीपाशी गेल्या, खाली बसल्या, रेग्युलेटरला हात घातला. तो फिरेना. रोज नातूच लावतो-काढतो म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी ठरवलं, आजींनी आधी दार उघडायचं, बाहेर व्हायचं आणि समोरच्या घरातल्या पोराला हाक मारायची. त्यांनी लगेच मारून बघितली. पोरगं बनियनवरच धावत आलं.