जुन्या ट्रॅक्टरचे मीटर काढताना

आधी बॅटरीची अर्थची केबल सोडवा. किल्ली बंद असली तरी अँमीटरच्या (बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय ते दाखवणारा मीटर) जाड वायरींत करंट असतोच. पान्हा टेकला की ठिणगी.

खरी काळजी टेंपरेचर मीटरची. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या जमान्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तो वायरीवर चालत नाही. मीटरमागून तांब्याची बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाचा बल्ब (दिवा नव्हे, धातूची छोटी पोकळ कांडी) इंजिनात, कूलंटमध्ये म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात बुडालेला असतो. आतल्या द्रवाच्या दाबावर काटा फिरतो. नळी कापली किंवा मुडपून चिरली की मीटर भंगारात. म्हणून कूलंट थोडं उतरवून आधी बल्बाचा नट काढा (गंजलाय? रात्रभर डिझेल मारून ठेवा) आणि मीटर नळीसकट बाहेर घ्या. बल्ब कडकडीत पाण्यात धरला की काटा सावकाश चढायला हवा.

डायलला थिनर लावू नका. माझ्या एका मीटरचे आकडे असेच फडक्यावर आले! कोरडा मऊ ब्रश पुरे.

सगळं जोडल्यावर इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. अँमीटरचा काटा उणेकडे झुकला तर ठीक. अधिककडे गेला तर वायरी उलट्या लागल्यात. पुन्हा केबल काढून अदलाबदल करा.