डबा चोरीला गेला म्हणून रडण्याआधी या चुका टाळा (लेटरबॉक्सिंगवाल्या भावांनो, तुमच्यासाठी)

आठवड्याला एक तरी मेसेज येतोय, "दादा माझा डबा चोरीला गेला, कोल्हापुरात हा खेळ चालणार नाही." अरे लका, लावून पंधरा दिवस झाले न्हाईत आणि लगेच चोरी? गेल्या सहा वर्षांत माझे अकरा डबे गेलेत. तीन पावसानं नेले, दोन वणव्यात जळले, एक रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीखाली गेला, दोन तर मीच असे लपवले की मलाच परत सापडले न्हाईत, एक चहाच्या टपरीवर सापडला (ते पुढं सांगतो), एकाचं काय झालं देवालाच ठाऊक. सरळ चोरी म्हणावी असा उरला एकच. आणि तो पण आमच्याच पोरांनी दाखवल्यामुळं गेला.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. डब्यात एक हातानं कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही ठेवायची, डबा डोंगरात कुठंतरी लपवायचा आणि खुणा लिहून द्यायच्या. शोधणाऱ्यानं आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारून घ्यायचा आणि डबा होता तसा परत लपवायचा. झालं. बक्षीस नाही, खजिना नाही. सुरुवात इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर झाली, १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली, तिथवर चालत जाणारे त्यात आपलं कार्ड टाकायला लागले. पुढं लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवायला लागले आणि नंतर येणारा ती नेऊन पोस्टात टाकायचा, म्हणून नाव लेटरबॉक्स. माझ्या आईला वर्षभर वाटत होतं मला पोस्टात नोकरी लागलीय.

आता चुका.

स्टीलचा डबा लावणे

ही माझी लाडकी चूक, कारण मी स्वतः केलीय. नवीन होतो, डोक्यात एकच, पावसात वही भिजता कामा नये, मग घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा उचलला. स्टीलचा, गोल, चकचकीत, झाकणावर "मामाकडून सप्रेम भेट" कोरलेलं आणि खाली १९८९, आईच्या लग्नातला आहेर. कात्यायनीच्या डोंगरात करवंदीच्या जाळीत बुडाशी ठेवला, वर दोन दगड, आणि खुश होऊन घरी. चौथ्या दिवशी एक मित्र शोधायला गेला, दगड बाजूला आणि डबा गायब. घरी आईला डबा सापडेना, तिनं शेजारणीवर संशय घेतला, मी तोंड मिटून गप्प.

दोन महिन्यांनी त्याच रस्त्याला एका टपरीवर चहाला थांबलो. मावशींनी साखर काढायला डबा उघडला, झाकण काढून फळीवर ठेवलं. मी वाकून बघितलं तर "मामाकडून सप्रेम भेट". चहा नरड्यातच अडकला. हळूच विचारलं, मावशी हा डबा कुठनं घेतला. त्या म्हणाल्या, "घेतोय कुठला, पोरगं शेरडं राखाय गेल्तं, त्येला गावला. कुणीतरी टाकूनशान गेल्तं बघा, चांगला डबा, आत नुसता कागूद." आणि कागूद म्हणजे माझी वही, ती खिळ्याला सुतळीनं टांगलेली, पहिल्या पानावर त्याआधी जाऊन आलेल्या दुसऱ्या मित्राच्या हातचा कासवाचा शिक्का आणि त्याच्या खालून उधारी सुरू. चहा ४, भजी १, अमक्याचे ३० बाकी. शिक्का कुठाय म्हटलं तर पोराला हाक मारली, त्यानं दप्तरातनं वह्या काढल्या, गणिताच्या वहीत प्रत्येक पानावर कोपऱ्यात माझ्या शिक्क्यातला गवा. शाई संपली म्हणून चुलीतल्या काजळीत बुडवून मारलेला. प्रिंट माझ्यापेक्षा भारी आली होती खरं सांगायचं तर.

आता याला चोरी कोण म्हणणार? चकचकीत स्टीलचा डबा रानात पडलाय तर माणूस उचलणारच, मी पण उचलेन. मी मावशींना नवीन डबा नेऊन दिला, आईचा परत आणला, शिक्का त्या पोरालाच ठेव म्हटलं.

तेव्हापासून माझा नियम, डबा असा पाहिजे की रस्त्यात पडलेला दिसला तरी कुणी वाकू नये. चार बाजूंनी क्लिप लागणारा साधा प्लास्टिकचा डबा, त्यावर काळी किंवा मातकट टेप गुंडाळायची, वरनं ओली माती चोळायची. आत वही एका झिप पिशवीत, शिक्का दुसऱ्या पिशवीत. आइस्क्रीमचे रिकामे डबे लावू नका, एका उन्हाळ्यात झाकण तडकतंय. पेन ठेवू नका, पेन पहिला जातोय. आणि पैसे, चॉकलेट, किचेन असलं काही आत टाकू नका, चॉकलेटवर मुंग्या येतात आणि मुंग्यांमागनं माकडं.

आणि झाकणाच्या आत मराठीत चिठ्ठी चिकटवा. "हा एक खेळ आहे. आत फक्त वही आणि शिक्का आहे. बघा, वाटलं तर नाव लिहा आणि होता तिथंच ठेवा." एवढं त्या डब्यात असतं तर पोरानं कदाचित आणला नसता. पण नाही, आमची पोरं इंग्रजीत छापील कागद टाकणार, जणू शेरडं राखणारा पोरगा इंग्लंडातनं आलाय.

काही बारक्या चुका

अक्षरं सुलटी कोरणे. शिक्का उलटा उठतोय रे बाबांनो, आधी ट्रेसिंग पेपरवर काढा.

जून सुरू झाल्यावर डबा लावणे. आपल्याकडं गगनबावडा, राधानगरीकडला पाऊस म्हणजे काय ते माहीत असून ओढ्याच्या काठाला डबा ठेवणारे आहेत. मी दसऱ्यानंतर लावतो.

गवतात ठेवणे. जानेवारीनंतर वणवा लागला की राख पण सापडत नाही. खडकाच्या कपारीत ठेवा, पण हलणाऱ्या दगडाखाली नको.

"चाळीस पावलं चाला" लिहिणे. कुणाची पावलं? माझी का सहा फुटी पैलवानाची?

पन्हाळ्याच्या तटबंदीत डबा कोंबणे. यावर माझं डोकं फिरतं म्हणून दोन ओळी जास्त. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, जुलै २०२५ मध्ये बाकीच्या मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलाय, तिथला एक चिरा जरी हलवला तरी तो गुन्हा, आणि गुन्हा नसता तरी लाज वाटायला पाहिजे. डार्टमूरवाल्यांचा पण नियम हाच, जुन्या भिंती, दगडांची वर्तुळं, पडकी घरं यात डबा ठेवायचा नाही. तसंच देवळाच्या आवारात, धरणावर, स्टँडवर नको, बेवारस डबा बघून कुणी पोलिसांना फोन केला तर त्यात चूक त्याची नाही, तुमची. दाजीपूरच्या अभयारण्यात पण नको, तिथं गवे आहेत आणि फॉरेस्टवाले पण.

डब्याजवळ उभं राहून रील काढणे

ही दुसरी मोठी चूक आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. वर म्हटलं ना एकच डबा खरा चोरीला गेला, तो मसाई पठाराचा. त्या डब्यातला शिक्का म्हणजे तीन संध्याकाळी घालवून मोठ्या खोडरबरवर कोरलेला दिवा, ज्योतीच्या रेषा ब्लेडच्या टोकानं काढलेल्या. दोन नवीन पोरं गेली, त्यांना सापडला, आनंद झाला, समजू शकतो. पण मग डबा डोक्यावर धरून रील, मागं पठाराची कड स्पष्ट, कॅमेरा फिरवून जाळी दाखवली, दगड दाखवला, वर गाणं आणि "खजिना सापडला". खजिना! त्या एका शब्दानं वाट लागली. पुढच्या रविवारी मी गेलो तर डबा उघडा पडलेला, शिक्का नाही, वही फाडून वाऱ्यावर, पानं पार उतारापर्यंत. मी गोळा करत बसलो, अकरा पानं मिळाली.

त्या पोरांना फोन केला तर म्हणतात, "दादा लोकेशन टाकलं नव्हतं." अरे लोकेशन टाकायला काय राहिलं होतं? आणि हीच पोरं आधी माझ्याकडं जीपीएसचा पॉइंट मागत होती, खुणा वाचायला वेळ नाही म्हणून. भावा, पॉइंटवर जाऊन डबा काढायचा असेल तर जिओकॅशिंग नावाचा वेगळा खेळ आहे, २००० साली अमेरिकेत सुरू झाला, चांगला खेळ आहे, तो खेळ. इथं खुणा वाचत, चुकत, परत मागं येत जायचं असतं, तेच तर सगळं आहे.

माझी सवय सांगतो. डबा दिसला की लगेच हात घालत नाही. आधी बसतो, पाणी पितो, बुटाची नाडी सोडून परत बांधतो, तेवढ्यात आजूबाजूला कोण आहे कळतं. गुराखी असेल तर त्याच्याशी बोलतो, तो जाईपर्यंत थांबतो. मग डबा घेऊन पंचवीस-तीस पावलं लांब जातो, शिक्के तिथं मारतो. डब्याच्या जागेवर बसून शिक्के मारायचे नाहीत, लांबनं बघणाऱ्याला तुम्ही बसलेली जागाच लक्षात राहते. फोटो फक्त वहीतल्या शिक्क्याचा, खाली आपली मांडी. एवढं बास.

डबा सापडला नाही तर

पहिलं म्हणजे "चोरी" हा शब्द काढू नका. दुसऱ्यांदा जा, वेगळ्या वेळेला, सकाळी सावलीत असलेली कपार संध्याकाळी उघडी दिसते. उताराच्या बाजूला दहा-पंधरा फूट बघा, डबा घरंगळतो. आधीच्या माणसानं आळशीपणानं शेजारच्या दगडाखाली सरकवला असेल, हे तर दहात पाच वेळा. आणि शिक्का कोरल्यावर पहिली चांगली प्रिंट घरच्या वहीत ठेवत जा, गेला तर ट्रेस करून परत कोरता येतो.

आणि थांबा जरा. गेल्या वर्षी माझा जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या बाजूचा डबा दिसेना, दोनदा गेलो, सगळीकडं बघितलं, आणि मी स्वतः, हे सगळं ज्ञान पाजणारा मी, ग्रुपवर चिडून लिहिलं की आपल्यातच कुणीतरी चोर आहे. तासाभरानं एका मुलीचा फोन. म्हणाली, "दादा, वही ओली लागली म्हणून मी घरी आणलीय, फॅनखाली वाळवतेय, पानं एकमेकांना चिकटलीत म्हणून एकेक सोडवतेय, रविवारी ठेवून येते." सोबत फोटो, पलंगावर वर्तमानपत्र, त्यावर माझी वही, पानापानात टिश्यूचे तुकडे.

रविवारी तिच्याबरोबर गेलो, डबा जागेवर ठेवला, येताना सगळ्या ग्रुपला मिसळ खायला बोलावलं. नऊ जण होते, बिल मी दिलं आणि कटाला कुणी नाही म्हणालं नाही.